घागकाकांचा कच्चा माल

"दाराला तेल घालू नका."

अनंत घाग या गृहस्थांनी माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. वसई पूर्वेच्या या सोसायटीत राहायला येऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. माझ्या फ्लॅटचं दार उघडताना असं काही कण्हायचं की समोरच्या घरातलं बाळ दचकून रडायला लागायचं. म्हणून रविवारी सकाळी तेलाची बाटली घेऊन मी बिजागरीपुढे बसलो, तर जिन्यावरून साठी उलटलेला एक माणूस धापा टाकत वर आला. अंगात बनियन, गळ्यात भलामोठा हेडफोन आणि हातात पायमोजा घातलेली कसलीशी वस्तू.

"का नको?" मी विचारलं.

"कच्चा माल आहे तो!"

पायमोज्यात आवाज टिपायचं छोटं यंत्र होतं. वाऱ्याची फूफू आत येऊ नये म्हणून मोजा. मोज्याची जोडी म्हणून मी त्यांच्या पायाकडे पाहिलं, तर ते अनवाणीच होते. पुढची वीस मिनिटं मी माझंच दार त्यांच्या हुकमाप्रमाणे उघडत आणि लावत होतो. "हळू. आणखी हळू. आता कोणावर तरी रागावून बाहेर पडल्यासारखं. वा! आता त्याच माणसाची समजूत पटून तो परत आल्यासारखं." शेवटी त्यांनी यंत्र बंद केलं, मोज्याला गाठ मारली आणि म्हणाले, "आता घाला तेल. मालाची उचल झाली."

मी काय करतो ते त्यांनी जाता जाता विचारलं. कॉलेजच्या ग्रंथालयात असतो म्हटल्यावर चेहरा पडला. "तिथे माल मिळणं कठीण," असं म्हणून ते खाली गेले. पण त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'मास्तर' झालो. मी शिकवत नाही, असं तीनदा सांगून पाहिलं. "पुस्तकांमध्ये बसता ना? मग मास्तरच."

चार दिवसांनी संध्याकाळी त्यांनी मला घरी बोलावलं. पहिल्या मजल्यावर, माझ्या बरोबर खाली त्यांचं घर. टेबलावर लॅपटॉप, बाजूला दोन स्पीकर आणि लॅपटॉपच्या कडेला पेनाने लिहिलेल्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या: 'जाडी', 'गर्दी', 'विस्कट', 'सूर'. त्यांनी एक बटण दाबलं आणि खोलीत हळूहळू काहीतरी भरू लागलं. खूप लांबवर, धुक्यात, एखादं मोठं जहाज कुशीवर वळावं तसा आवाज. मग त्यामागे अनेक माणसांनी तोंड मिटून धरलेला सूर.

"काय आहे हे?"

"तुमचं दार," घागकाका म्हणाले. "मुळात अकरा सेकंद होतं. आता वीस मिनिटं आहे. म्हणाल तर उद्यापर्यंत चालवतो."

"नको नको."

मग त्यांनी मला कारागिरी समजावून सांगितली. "आवाज म्हणजे पत्र्याची पट्टी समजा. तिचे तुकडे पाडायचे. इतके बारीक की एका सेकंदात पन्नास. एक तुकडा ऐकलात तर नुसतं टिक. पण असे हजार तुकडे एकावर एक पसरले, थोडे पुढचे मागे, मागचे पुढे, की टिक राहत नाही. ढग होतो. तुकडा केवढा, ती जाडी. किती तुकडे, ती गर्दी. आणि किती पसरायचे, तो विस्कट." पडद्यावरची विस्कटची खुंटी त्यांनी थोडी फिरवली आणि माझं दार सगळ्या खोलीभर सांडलं.

हे सगळं ते मोबाईलवरचे व्हिडिओ बघून शिकले होते. शिकवणारे सगळे परदेशातले, दाढीवाले, हळू आवाजात इंग्रजी बोलणारे तरुण. घागकाकांना त्यातलं चार आणे इंग्रजी कळायचं. "भाषा नाही कळली तरी हात कळतो," ते म्हणायचे. "मशीनवर लागलो तेव्हा उस्ताद तरी कुठे समजावून सांगायचा? हात बघायचा आणि घरी जाऊन आठवायचा." लॅपटॉप लेकीने दिलेला. पुण्याहून नातवाशी समोरासमोर बोलता यावं म्हणून. काकूही पुण्यालाच, लेकीकडे होत्या. "नातवाला बघायला गेलीय," असं काका सांगत. नातू तिसरीत गेला होता, तरी काकू त्याला बघतच होत्या.

सोसायटीत काकांची ओळख म्हणजे 'ते मोजावाले'. कोणाच्या मिक्सरचं भांडं नीट बसत नसेल, कोणाचा पंखा लटपटत असेल, तर इलेक्ट्रिशियनच्या आधी काका पोचत. तळमजल्यावरच्या निवृत्त हेडमास्तरांना एकदा लागोपाठ नऊ शिंका आल्या. नववी संपते न संपते तोच काका दारात: "एक आणखी होईल का?" हेडमास्तरांनी पुढचे सहा महिने त्यांच्याशी संबंध तोडले. काकांना वाईट वाटलं, पण कशाचं, तर पहिल्या आठ हुकल्याचं.

माल गोळा करायला ते लांबही जात. पावसाळ्यात एका रविवारी चिंचोटीच्या धबधब्याला गेले. तिथे पोरांचं टोळकं स्पीकर लावून नाचत होतं. काका त्यांच्यासमोर हात जोडून उभे राहिले. "जरा बंद करता का? मला पाणी ऐकायचंय."

"काका, वॉटरफॉलचा साउंड मोबाईलवर आहे ना, आठ तासांचा," त्यातला एक म्हणाला. "घरी बसून ऐका, भिजणार पण नाही."

"दुसऱ्याचा माल!" हे मला सांगतानासुद्धा काकांचा आवाज चढला होता. पण गंमत म्हणजे धबधबा त्यांनी आणलाच नाही. आणलं काय, तर परतणाऱ्या माणसांच्या ओल्या चपलांचं चपक्-चपक्. "धबधबा म्हणजे आधीच भुगा हो, मास्तर. त्याचे आणखी काय तुकडे पाडणार? चपलांमध्ये जीव आहे."

निर्मळला केळीच्या एका वाडीत मी स्वतः त्यांच्याबरोबर गेलो होतो. वाऱ्याने केळीची पानं फाटतात तो आवाज त्यांना हवा होता. वाडीतली म्हातारी बराच वेळ हा प्रकार बघत उभी राहिली. मग म्हणाली, "पानांचा कसला आवाज घेतोस? मी पानी सोडते, तो घे ना." काकांनी पाणी घेतलं आणि पाण्याबरोबर तिचं बोलणंही घेतलं. पुढच्या खेपेला तो ढग करून नेला आणि हेडफोन तिच्या कानाला लावला. तिने डोळे मिटून सगळा ऐकला.

"कोन बाई ही?"

"तुम्हीच."

"मी नाय. माझा आवाज एवढा बरा नाय." असं म्हणून तिने आम्हाला डझनभर केळी दिली आणि आणखी एकदा ऐकायला मागितलं.

काकांच्या कलेला मिळालेली दाद म्हणाल तर ती एवढीच. सोसायटीच्या वर्धापनदिनाला त्यांनी दहा मिनिटं मागून घेतली होती. सेक्रेटरी तांब्यांनी ती मुलांची वेशभूषा आणि जेवण यांच्या मध्ये दिली. काकांनी महिनाभर खपून सोसायटीच्याच आवाजांचा ढग केला होता: लिफ्ट, पाण्याचा पंप, दुधाचे क्रेट, जिन्यातली पावलं. पहिलं मिनिट लोक गप्प होते. दुसऱ्या मिनिटाला कुजबुज सुरू झाली. तिसऱ्याला तांबे स्टेजवर चढून वायर हलवू लागले. "घाग, कनेक्शन लूज आहे वाटतं." काका म्हणाले, "नाही, हे असंच आहे." तांब्यांनी माईकवरून ते सगळ्यांना सांगितलं: "हे असंच आहे, कृपया शांतता राखा." मग लोक पोट धरून हसले. संपल्यावर दोघांनी टाळ्या वाजवल्या. एक मी आणि दुसरा खुर्च्या उचलायला आलेला वॉचमन.

स्पीकर घेऊन जिना चढताना काका म्हणाले, "कोणी उठून गेलं नाही, मास्तर. चांगलं झालं." लोक जेवणासाठी थांबले होते, हे मी बोललो नाही.

हा माणूस हे सगळं का करतो, असा प्रश्न मला पडला नव्हता. निवृत्त माणसाला काहीतरी नाद हवा. कोणी बाग करतो, कोणी वधूवर मंडळ चालवतो. घागकाका आवाजाचे तुकडे करतात. एवढ्यावर मी समाधानी होतो.

मे महिन्यातली एक दुपार. मी रजेवर होतो. वीज गेली आणि सगळी बिल्डिंग एकदम मुकी झाली. पंखे, फ्रीज, पंप, टीव्ही, सगळं बंद. त्या शांततेत खालून नळाचा आवाज येत होता. पाच मिनिटं झाली, दहा झाली, नळ चालूच. उन्हाळ्यात आमच्याकडे पाण्याची किती ओढाताण, ते वसईकरांना सांगायला नको. काका बाहेर गेले असतील, नळ चालू राहिला असेल, म्हणून मी खाली गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं.

काका स्वयंपाकघरात जमिनीवर बसले होते. नळाखाली स्टीलची बादली आणि बादलीला टेकलेलं त्यांचं डोकं. डोळे गच्च मिटलेले. बनियन घामाने भिजलेलं.

"काका! बरं वाटत नाही का? नळ बंद करू?"

"नको!" ते ओरडले. त्यांना इतक्या मोठ्याने बोलताना मी कधीच ऐकलं नव्हतं. मग ओशाळून म्हणाले, "बसा, मास्तर. लाईट येईपर्यंत बसा."

मी त्यांच्याशेजारी जमिनीवर बसलो. वीज यायला पाऊण तास लागला. तेवढ्या वेळात, बादली भरली की दुसरं भांडं लावत, त्यांनी मला सांगितलं.

सातिवलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका युनिटमध्ये ते अठ्ठावीस वर्षं पॉवर प्रेसवर होते. पत्र्याच्या डब्यांची झाकणं पाडायची. दिवसभर धाड्, धाड्, धाड्. "कानात घालायचे बोळे देत होते. आम्ही खिशात ठेवायचो. घातले तर बाजूचा काय बोलतो ते कळत नाही. आणि माझ्या बाजूला म्हात्रे होता, तो सारखे जोक सांगायचा." ते क्षणभर हसले. "एक दिवस घरी आलो, जेवलो, आडवा झालो. तर कानात एक आवाज. म्हटलं सकाळी जाईल. त्याला अकरा वर्षं झाली."

"कसा आवाज?"

"तेच तर!" त्यांनी बादलीवर हात आपटला. "डॉक्टरांनी विचारलं, शिट्टीसारखा की रातकिड्यासारखा? दोन्ही नाही. सांगता येत नाही. औषध नाही म्हणाले, सवय करा. आजूबाजूला आवाज असला की तो जरा मागे सरकतो. सगळं गप्प झालं की नुसता तोच." म्हणून घरात चोवीस तास पंखा, रेडिओ. झोपतानासुद्धा. आणि काकूंची झोप सशाची.

"सुलभाने खूप सोसलं. तिला वाटायचं, मला वेड लागतंय. एकदा तिने काय केलं माहिती आहे? तिचा कान माझ्या कानाला लावला. असा, चिकटवून. बराच वेळ बसली. मग म्हणाली, मला तर काहीच येत नाही हो." काका नळाकडे बघत होते. "खोटं बोलताय असं नाही म्हणाली कधी. पण तेव्हापासून विचारलंही नाही. लेकीच्या बाळंतपणाला गेली, तिथे रात्री गाढ झोप लागायला लागली. मीच म्हटलं, राहा. भांडण नाही, काही नाही."

वीज आली. वर कुठेतरी टीव्ही किंचाळला. काकांनी नळ बंद केला आणि हलक्या आवाजात म्हणाले, "ती दारं, त्या चपला, ते ढग, तो सगळा सराव, मास्तर. मला एकच आवाज बनवायचाय. कानातला. तो बाहेर काढायचाय."

लॅपटॉपवर त्यांनी मला फायली दाखवल्या. 'कान १', 'कान २', अशा त्रेसष्ट. एकही जुळली नव्हती.

त्यानंतर माझ्याही डोक्यात तेच. कच्चा माल कुठे मिळेल? स्टीलच्या ताटाची कड ओल्या बोटाने घासून पाहिली. काचेचे पेले पाहिले. काका ऐकायचे, तुकडे पाडायचे, डोळे मिटून आतल्याशी ताडून बघायचे आणि मान हलवायचे. "जवळ आहे. पण हा गुळगुळीत आहे. माझा खरबरीत आहे."

जूनमध्ये बातमी आली की त्यांचं जुनं युनिट हलणार, प्रेस भंगारात जाणार. आम्ही माझ्या स्कूटरवर सातिवलीला गेलो. फोरमन पाटील काकांच्या बरोबरीचे. मोज्यातलं यंत्र बघून म्हणाले, "घाग, अठ्ठावीस वर्षं ऐकून पोट नाही भरलं?" पण मशीन चालू करून दिली. काकांनी खिशातून कापसाचे बोळे काढले, दोन मला दिले आणि दोन नीट स्वतःच्या कानात बसवले. "आता जोक सांगायला म्हात्रे नाही," ते म्हणाले.

पहिला ठोका पडला आणि मी दोन पावलं मागे सरकलो. बोळे असूनही! असे दिवसाला हजारो. पण काका ठोक्याला दचकत नव्हते. ते वाट बघत होते. "पाटील, एकेक मार. एक मारून थांब." ठोका पडायचा, झाकण सुटायचं आणि उरलेल्या पत्र्यात क्षणभर एक बारीक झिणझिण राहायची. काकांनी यंत्र त्या पत्र्याला जवळजवळ टेकवलं. चाळीस ठोके घेतले. निघताना पाटलांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला.

पुढचे दोन महिने काका जिन्यात दिसलेच नाहीत. समोरच्या घरातल्या बाळाला खुळखुळा आणला, त्याचाही माल घ्यायला आले नाहीत. मग एका दुपारी माझा मोबाईल ग्रंथालयात वाजला. मी टेबलाखाली वाकून, तोंडावर हात धरून उचलला.

"मास्तर, सापडला."

संध्याकाळी त्यांनी हेडफोन माझ्या कानांवर ठेवला. सुरुवातीला मला वाटलं, काहीच नाही. मग लक्षात आलं की आहे, आणि मघापासून आहे. सुईसारखा बारीक, पण सुईला गंज चढावा तसा खरखरणारा. त्याला सुरुवात नव्हती. तो कमीजास्त होत नव्हता. तो कशाचाच आवाज नव्हता. मिनिटभरात दाढा आवळल्या गेल्या. दुसऱ्या मिनिटाला मी हेडफोन काढला.

"आला?" काका माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. "तुम्हाला पण आला?"

"आला, काका."

ते खुर्चीवर बसले. चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला. "आला ना," एवढंच दोनदा म्हणाले.

दिवाळीनंतर विरारला भाच्याचं लग्न होतं. त्यासाठी काकू चार दिवस आल्या. ठेंगण्या, शांत, सगळ्या वस्तूंवर बोट फिरवून धूळ बघणाऱ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी काका माझ्या दारात. "मास्तर, तुम्ही या. मला एकट्याला बोलता येणार नाही."

मी गेलो. पण बोलायची वेळच आली नाही. काकांनी नुसतं "हे ऐक" म्हटलं आणि हेडफोन पुढे केला. काकूंनी तो अंबाड्यावरून सांभाळून कानावर बसवला. काका बटण दाबून बाजूला सरकले, शाळेत निकालाला उभं राहावं तसे.

काकूंच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी काकांकडे पाहिलं. मग नजर खाली घातली. भिंतीवरच्या घड्याळाची तीन मिनिटं मी मोजली. त्यांनी हेडफोन काढला आणि मांडीवर धरला.

"हा असा?"

"असाच."

"आणि थांबतो कधी?"

"नाही थांबत."

आत्ताच कोणीतरी ओळख करून दिल्यासारख्या काकू नवऱ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही चहा टाका," आणि हेडफोन परत कानाला लावला. मी उठलो आणि आवाज न करता बाहेर पडलो.

मला वाटलं होतं, काकू आता इथेच राहतील. तसं काही झालं नाही. लग्न झाल्यावर त्या पुण्याला गेल्या. पंखा आणि रेडिओ लावलेल्या घरात त्यांना चार दिवस झोप लागली नव्हती, आणि कान काही बरा झाला नव्हता.

पंधरा दिवसांनी काका जिन्यात भेटले. हातात भाजीची पिशवी. बरंच इकडचं तिकडचं बोलले. मग पिशवीकडे बघत म्हणाले, "जाताना सुलभाने तो आवाज मोबाईलमध्ये घेतला. रोज दुपारी तीनला ऐकते म्हणे. नातू शाळेत असतो. पाच मिनिटं बसते."

"का?"

"मी पण तेच म्हटलं. कशाला उगाच त्रास करून घेतेस? तर म्हणाली, तुम्ही अकरा वर्षं एकटे बसलात."

ते दोन पायऱ्या चढले आणि थांबले.

"तीन वाजले की मी पण इथे सगळं बंद करतो, मास्तर. पंखा, रेडिओ, सगळं. पाच मिनिटं."